अनिशची सकाळ

काम अगदी साधं होतं. कॉम्प्युटर चालू केला की चार प्रोग्रॅम आपोआप उघडायचे, ते उघडू नयेत एवढंच करायचं होतं. हितेंद्र फोनवर म्हणालाही, की एवढ्यासाठी मी कशाला यायला हवं, इथूनच सांगतो, तुम्ही बटणं दाबा. पण अक्षताला त्या खुर्चीवर एकटीने बसायचा धीर होत नव्हता, आणि हे काही फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तेव्हा रविवारी सकाळी हितेंद्र वरळीच्या बीडीडी चाळीतून ठाकूरद्वारला आला, दोन जिने चढला, दाराबाहेर चपला काढल्या आणि आत आल्याबरोबर आधी भिंतीवरच्या फोटोला हात जोडून उभा राहिला.

फोटो अनिश गद्रेचा. अक्षताचा नवरा. त्याला जाऊन तीन महिने होत आले होते. वय एक्केचाळीस, शिपिंग कंपनीत नोकरी, काम घरून. कॉम्प्युटरचा पंखा घरघरला किंवा काही बदलायचं झालं की हितेंद्रला फोन जायचा, त्यामुळे हा हितेंद्र घरातलाच झाला होता.

अनिशची सकाळ घड्याळाने शिकवणी लावावी अशी होती. सात वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं आणि आंघोळीला जायचं. मशीन जुनं, म्हाताऱ्या माणसासारखं कण्हत कुंथत उठायचं. अनिश आंघोळ करून येईपर्यंत त्याचं सगळं उघडून तयार असायचं. आधी जुनी नाट्यगीतं सुरू व्हायची. मग ऑफिसच्या हजेरीची खिडकी उघडायची. मग बुद्धिबळाचा पट, कारण तो कॉम्प्युटरशी रोज सकाळी एकच चाल खेळायचा आणि त्याच्या उत्तरावर दिवसभर विचार करायचा. शेवटी डायरीचं कोरं पान, वर तारीख घातलेलं. ओल्या केसांनी येऊन तो खुर्चीत बसे आणि हजेरीचं बटण दाबताना तोंडाने हळूच "गद्रे, हजर" म्हणे. अक्षता हसायची. तो म्हणायचा, माणसाला सकाळी उठून विचार करावा लागता कामा नये, सगळं आपापल्या जागी उघडलेलं असावं.

अठरा जुलैला त्याने सात दहाला बटण दाबलं आणि तो आंघोळीला गेला. गाणी सुरू झाली. हजेरी उघडली, पट मांडला गेला, तारीख पडली. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं, तिसरं अर्ध्यावर आलं तेव्हा अक्षताने पोळी तव्यावरच टाकून न्हाणीघराचं दार वाजवलं. सासरे चिंतामणी, म्हणजे अप्पा, आणि समोरच्या बिऱ्हाडातला माणूस यांनी मिळून कडी तोडली. आत चंदनाच्या साबणाचा वास कोंडला होता आणि बादली भरून वाहत होती. डॉक्टर आले, माणसं आली, गेली. या सगळ्यात कॉम्प्युटर बंद करायचं कोणाला सुचलंच नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ते चारही प्रोग्रॅम उघडे बसून होते, त्याची वाट पाहत.

दहाव्या दिवशी बाणगंगेवर कावळा शिवेना.

आता हे सगळं मानावं की न मानावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. अप्पांची सगळी नोकरी महापालिकेत गेलेली, ते काही देवभोळे नव्हेत. पण पिंड मांडलेला असताना कठड्यावर सात आठ कावळे बसून राहावेत आणि एकानेही खाली येऊ नये, हे पाहताना भल्याभल्यांची मान खाली जाते. अप्पांनी सांगून पाहिलं, की मी माझी प्रकृती सांभाळीन. अक्षता म्हणाली, स्पृहाला खूप शिकवीन. स्पृहा त्यांची एकुलती एक, आठ वर्षांची. कावळे हलेनात. पाऊण तास झाला. गुरुजी म्हणाले, आता दर्भाचा कावळा करू, चालतं तसंही. तेव्हा अक्षताला राहवेना. तो काहीतरी मागतोय आणि आपल्याला कळत नाही, याहून मोठं दुःख तिला त्या दहा दिवसांत झालं नव्हतं. ती पुढे झाली, हात जोडले आणि सुचेल ते बोलून गेली.

"तुझा कॉम्प्युटर मी बंद पडू देणार नाही. रोज सकाळी मी लावीन. तुझं सगळं जसंच्या तसं उघडेल."

कावळा लगेच आला. एक नव्हे, सगळेच आले.

शब्द दिला तो तिने पाळला. रोज सात दहाला बटण दाबायची आणि स्वयंपाकघरात निघून जायची. पहिले काही दिवस बरंही वाटलं. मधल्या खोलीतून गाणं ऐकू आलं की क्षणभर घर पूर्ववत व्हायचं. पण तो क्षण सरला की त्यापुढचा क्षण असा काही खायला उठायचा की विचारू नका. गाणं संपायचं, दुसरं लागायचं, आणि ओल्या पावलांचा आवाज काही यायचा नाही. हे रोज. ऑक्टोबर लागेपर्यंत तिचं वजन सहा किलोने उतरलं. मग तिने एक पळवाट काढली. कॉम्प्युटर लावीन असं आपण म्हटलंय, तो लावत राहू. गाणी लावीन असं कुठे म्हटलंय? वकिलाच्या घरात न जन्मलेली माणसंसुद्धा स्वतःशी अशी वकिली करतात. "जसंच्या तसं" हे शब्द तिला आठवत नव्हते असं नाही. तिने ते बाजूला ठेवले.

हितेंद्रने स्टूल ओढून मशीनसमोर बसकण मारली आणि तिला यादी दाखवली. एकाखाली एक चार नावं. पुढच्या रकान्यात तो प्रोग्रॅम कोणी बनवला त्याचं नाव, त्यापुढे एनेबल की डिसेबल.

"काय टेन्शन नाय घ्यायचं वहिनी. मशीन उठलं की ह्या लिस्टमधले उठतात, बस. नको असेल त्याच्यावर राइट क्लिक, डिसेबल. परत पायजे, तर एनेबल. आणि हा फोल्डर बघा, स्टार्टअप. ह्यात जे टाकाल ते पण आपोआप उघडणार. फोटो टाका, चिठ्ठी टाका, काय पण."

मग त्याने विचारलं, चारही काढू का. अक्षताच्या तोंडून नाही निघून गेलं. चारही एकदम काढणं म्हणजे पुन्हा एकदा कडी तोडण्यासारखं होतं. आज गाणी काढ, म्हणाली, बाकीची मी रोज एक एक करीन. हितेंद्रने गाणी काढली, चहा घेतला आणि तो गेला.

सोमवारी सकाळी तिने बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, हजेरी, पट, डायरी. गाणं नाही. तापलेल्या धुळीचा वास तेवढा खोलीत पसरला. तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. ती दूध तापवायला वळली आणि आतल्या खोलीतून गुणगुणणं ऐकू आलं.

स्पृहा अंथरुणात उठून बसली होती. डोळे मिटलेले, केस तोंडावर, आणि अनिशचं पहिलं गाणं तालासुरात चाललेलं. अंतरा झाला, ताना झाल्या. जिथे रेकॉर्ड जुनी असल्यामुळे किंचित अडखळायची, तिथे पोरगीही अडखळली. मग डोळे उघडून ती आईकडे पाहून हसली, आणि काय म्हणत होतीस विचारलं तर तिला काही ठाऊक नव्हतं. अक्षताने तिला छातीशी धरलं. बापाची आठवण पोरं अशीच काढतात, असं अप्पा म्हणाले. तिलाही ते पटलं.

त्या दिवशी दुपारी तिने हजेरी काढली.

मंगळवारी कॉम्प्युटर लागला तशी स्पृहा उठून बसली, गाणं झालं, आणि ते संपताच मिटल्या डोळ्यांनी हळूच म्हणाली, "गद्रे, हजर."

आवाज तिचाच होता. पण आपल्या आडनावाने स्वतःला हाक मारायला त्या पोरीला कोणी शिकवलं होतं? अक्षताने दिवसभर स्वतःची समजूत घातली, की ऐकलं असेल तिने बापाचं. अर्थात ऐकलंच होतं, घरात सगळ्यांनीच ऐकलं होतं. पण मनात कुठेतरी किडा वळवळायला लागला तो लागलाच. खात्री करून घ्यावी म्हणून तिने संध्याकाळी बुद्धिबळ काढलं. ही तिची चूक. पुढे तिला वाटत राहिलं, की त्या संध्याकाळी मी हात मागे घेतला असता तर.

स्पृहाला बुद्धिबळ येत नव्हतं. शिकायला बसवलं की ती उंटाला घोडा म्हणायची आणि अनिश कपाळाला हात लावायचा. बुधवारी सकाळी गाणं झालं, हजेरी झाली, आणि मग तिने अंगावरच्या चौकड्यांच्या चादरीवर एक बोट ठेवलं. बोट दोन घरं पुढे आणि एक घर बाजूला सरकवलं. आणि समोरच्या भिंतीकडे तोंड करून ती उत्तराची वाट पाहत बसली. त्या दिवशी जागं झाल्यावर ती हसली नाही. आईच्या हातून दुधाचा पेला घेताना म्हणाली, "अगं, साखर फार झालीये."

तिला अगं म्हणणारा माणूस या घरात एकच होता.

अक्षताला तेव्हा कळलं. म्हणजे मी यादीतून जे काढते ते जात नाही. मशीनमधून निघतं आणि लेकीत जाऊन बसतं. तिने तसाच पदर खोचला आणि खुर्चीत बसून तीनही नावांवर भराभरा एनेबल केलं. त्या स्क्रीनला हात जोडून ती पुटपुटत होती, घे, तुझं तुला घे, चुकले मी. अप्पा दारात उभे राहून पाहत होते. पोरीचं अगं त्यांनीही ऐकलं होतं.

गुरुवारी सात दहाला तिने बटण दाबलं आणि पहिल्यांदाच तिथेच उभी राहिली. प्रोग्रॅम एकेक करून उघडू लागले. गाण्याची पट्टी पुढे सरकत होती, पण आवाज शून्य. पटावर काळी मोहरी जागच्या जागी होती आणि पांढरं एकही नव्हतं. हजेरीच्या खिडकीत एक चौकट आली होती: तुमचं खातं सध्या दुसऱ्या ठिकाणी चालू आहे.

आतल्या खोलीत गाणं सुरू झालं होतं.

मग डायरीचं पान उघडलं. त्यावर आजची तारीख नव्हती. अठरा जुलै होती.

कोणाला कोडं उलगडलं की बरं वाटतं. अक्षताला उलगडलं आणि अंगावरून बर्फाचं पाणी ओतावं तसं झालं. पोरीत नुसती गाणी नि हजेरी चाललेली नव्हती. ती एक सकाळ चालली होती. अठरा जुलैची. ज्या सकाळी सगळं उघडून तयार झालं आणि माणूस आलाच नाही, ती सकाळ त्याला पुरी करायची होती, आणि ती जशीच्या तशी चालू राहील असा शब्द तिनेच दिला होता. पण त्या सकाळी तो होता कुठे? खुर्चीत नव्हता. पटासमोर नव्हता.

त्याच क्षणी न्हाणीघराची कडी आतून लागल्याचा आवाज आला.

अक्षता कशी धावली ते तिचं तिला माहीत. दार धडाधडा वाजवलं. आत नळ सोडलेला, बादलीत पाणी पडतंय, आणि त्या पाण्यावरून शांतपणे गाणं चाललंय. अप्पांनी दाराला खांदा लावला. पंच्याहत्तरीचा माणूस, दोनदा आपटून तिसऱ्यांदा तो खाली बसला, मग अक्षताने लाथ घातली आणि कडी उचकटली. स्पृहा नळाखाली बसली होती. कपड्यांसकट. ओठ निळे, हाताची बोटं पांढरी, डावा हात छातीवर दाबून धरलेला. चंदनाच्या साबणाचा वास भरून राहिला होता, आणि तो साबण तर घरात तीन महिने कोणी आणला नव्हता.

बाहेर काढून, पुसून, गोधडीत गुंडाळून अक्षताने तिला मांडीवर घेतलं. बऱ्याच वेळाने पोरगी म्हणाली, "आई, मला इथे दुखत होतं." बोट छातीवर होतं.

अप्पांनी त्या दिवशी फिरून फिरून एकच गोष्ट सांगितली. बाणगंगेवर जा, शब्द परत घे. ती गेली. दुपारच्या उन्हात कठड्याशी उभी राहून म्हणाली, अनिश, मी दिलेला शब्द मला झेपत नाही, मला मोकळं कर. घाटावर एकही कावळा नव्हता. ती तासभर थांबली. मग तिचा राग उफाळून आला. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण ती रागावली. लेक तुझीही आहे ना, असं ती मोठ्याने म्हणाली, आणि दोन माणसांनी वळून पाहिलं. परत येताना तिने ठरवलं, की उद्या मशीन लावायचंच नाही. शब्द मोडला तर मोडला. पाप माझ्या डोक्यावर.

शुक्रवारी सात दहा झाले. तिने बटणाला हात लावला नाही. घर शांत. आतून गाणं नाही, काही नाही. साडेसात झाले. तिला वाटलं सुटलो, आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडली. आठला ती स्पृहाला उठवायला गेली.

स्पृहा उठेना.

श्वास चालू होता, अंग ऊबदार होतं. हाक मारली, हलवलं, डोळ्यांना पाणी लावलं, तळपाय चोळले. मान लुळी पडत होती. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर तसेच लुंगीवर धावत आले, नाडी पाहिली, डोळ्यांत बॅटरी मारून पाहिली. त्यांना काही कळेना. नुसती झोप आहे असं दिसतंय, पण अशी झोप मी पाहिलेली नाही, म्हणाले, ताबडतोब हॉस्पिटलला न्या. अप्पा टॅक्सी बघायला जिना उतरले, डॉक्टर फोन करायला बाहेर गॅलरीत गेले. अक्षता एकटी उरली. लेकीचं डोकं उशीवर ठेवून ती उठली, मधल्या खोलीत गेली आणि तिने बटण दाबलं.

पंखा घरघरला. आतल्या खोलीत स्पृहा उठून बसली आणि तिने गायला सुरुवात केली.

माणूस कोंडीत सापडला की त्याला इकडे आड तिकडे विहीर म्हणतात. अक्षताला आड आणि विहीर दोन्ही एकाच खोलीतून दिसत होते. मशीन लावलं नाही तर लेक उठत नाही. लावलं तर ती उठते ती न्हाणीघराकडे चालत जाण्यासाठी. गाणं चालू होतं, त्याचा पहिला अंतरा झाला होता. हजेरी, मग चाल, आणि मग ती अंथरुणातून उतरणार. जेमतेम चार मिनिटं. अक्षताने यादी उघडली.

गाणी नव्हती. हजेरी नव्हती, पट नव्हता, डायरी नव्हती. यादीत एकच नाव होतं. स्पृहा. पुढच्या रकान्यात, जिथे प्रोग्रॅम बनवणाऱ्याचं नाव येतं, तिथे अनिश गद्रे. त्यापुढे एनेबल.

ती बघत राहिली. डोकं विलक्षण शांत झालं होतं. हे नाव काढलं तर लेक कायमची झोपेल की कायमची सुटेल? कोण सांगणार? हितेंद्रला विचारावं तर तो तरी काय सांगणार होता? त्याने जे सांगितलं होतं ते मात्र तिला आठवलं. फोल्डरमध्ये जे टाकाल ते आपोआप उघडेल.

तिने एक कोरं पान घेतलं आणि त्यावर टाइप केलं, "तुझी सकाळ मी पुरी करते. ती माझ्यात उघड. पोरीला तिच्या मनाने उठू दे." खाली स्वतःचं नाव घातलं. पान स्टार्टअपच्या फोल्डरमध्ये टाकलं.

"गद्रे, हजर," आतून आवाज आला.

अक्षताने यादीकडे पाहिलं. आता तिथे दोन नावं होती. दुसरं अक्षता, आणि त्याच्या पुढच्या रकान्यातही अनिश गद्रे. नऊ महिने पोटात वाढवलेल्या लेकीच्या नावावर माउसचा बाण नेऊन ठेवताना तिचा हात दोनदा घसरला. तिसऱ्यांदा राइट क्लिक झालं. तिने डोळे मिटून बोट दाबलं, आणि नाव गेलं. मग तिने मशीन बंद करून पुन्हा चालू केलं.

स्क्रीन काळा झाला तसा आतला आवाजही थांबला. ते दीड मिनिट तिच्या आयुष्यातून कोणी काढून घेतलं असतं तर तिने आनंदाने दिलं असतं. पंखा घरघरला. पडदा उजळला. अक्षता जागी होती, तिच्यात काही उघडलं नाही. आतल्या खोलीत काही हललं, आणि मग स्पृहा चक्क भोकाड पसरून रडायला लागली. भूक लागली होती तिला, आणि पायाला मुंग्या आल्या होत्या, आणि हे डॉक्टरकाका आपल्या घरात कशाला आलेत हेही तिला कळत नव्हतं. अप्पा टॅक्सी घेऊन वर आले तर नात घावनाचा तिसरा घास तोंडात कोंबत होती. ते दारातच मटकन बसले. डॉक्टरांनी पुन्हा नाडी पाहिली आणि आश्चर्य वाटल्याचं लपवलं नाही.

दुपारी स्पृहा खाली खेळायला गेल्यावर अक्षताने अप्पांना सगळं सांगितलं. अप्पांनी ऐकून घेतलं.

"माझं नाव टाकायचंस," ते म्हणाले. "माझं काय राहिलंय आता?"

"सुचलं नाही हो अप्पा."

"बदल की मग."

तिने बदलून पाहिलं होतं. तिचं नाव यादीतून निघत नव्हतं, आणि अप्पांचं उमटत नव्हतं. पण ती घाबरलेली नव्हती, निदान अप्पांना तरी तसंच वाटावं अशी तिची इच्छा होती. माझं हृदय धडधाकट आहे, म्हणाली, अनिशचं नव्हतं. रोज सकाळी आंघोळ करून येईन आणि खुर्चीत बसेन. त्याला तेवढंच हवंय. फक्त दार तेवढं उघडं राहिलं पाहिजे. मी आत गेले की तुम्ही वाजवत बसू नका, सरळ आत या.

अप्पा उठले. पेटीतून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि न्हाणीघराच्या दाराची कडी, कालच नवी बसवलेली, चारही स्क्रू काढून उतरवली. लाकडात चार भोकं राहिली. कडी आणि स्क्रू त्यांनी रुमालात बांधले आणि रात्री रुमाल उशाशी घेऊन झोपले. दार चौकटीला चिकटून राहू नये म्हणून त्यांनी त्याच्या कडेला मेण लावलं होतं. ते सहज ढकललं जात होतं, अक्षताने स्वतः चार वेळा ढकलून पाहिलं.

शनिवारी सकाळी कोणी बटण दाबलं नाही. सात दहाला पंखा आपला आपणच घरघरला, आणि अक्षता गुणगुणत उठून बसली.

म्हणजे हे असं असतं, तिला वाटलं. आत सगळं कळत होतं, पण हातपाय दुसऱ्याच कोणाच्या कामाला लागले होते. गळ्यातून ताना जात होत्या, ज्या तिला जन्मात आल्या नसत्या. शेजारी स्पृहा तोंड उघडं टाकून झोपली होती, एक पाय गोधडीबाहेर. तिच्या तिच्या झोपेत. त्या उघड्या तोंडाकडे पाहून अक्षताला जे सुख झालं त्याला तोड नव्हती. मग तिच्या तोंडाने हजेरी दिली, बोटाने चादरीवर चाल केली आणि पाय जमिनीवर टेकले.

अप्पा जागेच होते. ती शेजारून गेली तसे ते रुमाल हातात घेऊन मागोमाग निघाले. त्यांची पावलं तिला ऐकू येत होती आणि त्यांचा आधार वाटत होता. तिने न्हाणीघरात पाऊल टाकलं, मागे दार लोटलं. नळ सोडला. चंदनाचा वास आला. काही नाही, ती स्वतःला सांगत होती, आता अप्पा दार ढकलतील. कडीच्या जागी चार भोकं आहेत, दुसरं काही नाही.

तिचा उजवा हात वर उठला आणि त्या जागी गेला. बोटांना गार लोखंड लागलं. हाताने ते सरकवलं, आणि कडी खाचेत बसल्याचा आवाज आला.

बाहेरून अप्पांनी दार ढकललं. ते हललं नाही. पुन्हा ढकललं. मग त्यांच्या हातातला रुमाल सुटला, कडी फरशीवर आदळली आणि मागोमाग चार स्क्रू घरंगळत गेले. ते तिने आतून नीट मोजले.

"अक्षता," अप्पा म्हणाले. "ती... ती इथे आहे. कडी इथे आहे."

त्यांच्या मागून स्पृहाचा झोपाळलेला आवाज आला, आई कुठे गेली असं विचारणारा. ओ देण्यासाठी अक्षताने जीव एकवटून तोंड उघडलं. त्यातून गाण्याची पुढची ओळ आली, आणि डाव्या हाताने छाती दाबून धरली.